आधी अंधारी, मग भोवळ

१९ नोव्हेंबर २०२२. नागपूरच्या वायुसेनानगरात, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडच्या आवारात ‘एअर फेस्ट’ भरला होता. माना वर करून उभ्या असलेल्या त्या गर्दीत यवतमाळहून गेलेले आम्ही दोघं होतो, मी आणि शेजारचे काका. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी हॉक विमानं एकमेकांना चिकटल्यासारखी आली, नाकं वर करून आभाळात मोठा गोल काढला आणि आमच्या डोक्यावरून निघून गेली. आवाज मागून आला. काकांनी मान खाली घेतली आणि म्हणाले, “ह्या पोट्ट्याइले चक्कर नाही येत काय बाप्पा?”

परतीच्या प्रवासात, वर्धा मागे पडल्यावर, त्यांनी दुसरा प्रश्न काढला. हा खरा त्यांचा स्वतःचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, आणि मुलगा पुण्याला. “मले नागपूरवरून विमानानं जा म्हनते पोरगा. माह्या छातीले झेपन का?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: हृदय आणि डोकं यांच्यामधल्या एका वितीपेक्षा थोड्या जास्त अंतरात.

१. भारी म्हणजे किती भारी

यवतमाळच्या विमानतळाचं नाव जवाहरलाल दर्डा विमानतळ, पण तो ज्या गावाला आहे त्याचं नाव भारी. या प्रकरणाला याहून चांगलं गाव मिळालं नसतं.

आपण जमिनीवर उभे असताना पृथ्वी आपल्याला जेवढी ओढते, त्या ओढीला ‘एक जी’ म्हणायचं. दोन जी म्हणजे वजन दुप्पट, पाच जी म्हणजे पाचपट. पृथ्वीची ओढ बदलत नाही, बदलते ती विमानाची दिशा. काका एसटी वळवायचे तेव्हा उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला कलंडायचे, कारण शरीराला सरळ जायचं असतं आणि गाडी त्याला वळायला भाग पाडते. विमान वळताना त्या बाजूला कलतं, त्यामुळे हा दाब आडवा न लागता सीटमधून सरळ अंगावर येतो. माणूस सीटमध्ये रुततो.

किती रुततो, हे कलण्यावर ठरतं. उंची न सोडता वळायचं असेल तर ३० अंश कललेल्या विमानात १.१५ जी लागतात. ६० अंशांना बरोबर २. ७५ अंशांना जवळपास ४ आणि ८० अंशांना पावणेसहा. शेवटच्या पाच अंशांची किंमत पाहा.

सुखोई-३० सारखं लढाऊ विमान ९ जीपर्यंत ताण सोसण्यासाठी बांधलेलं असतं. जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ साधारण १७० किलोची. ९ जीला ६० किलोचा माणूस अशा तीन गाठींहून जड होतो, आणि त्याच अवस्थेत त्याने मान वळवून मागे शत्रू दिसतो का ते बघायचं असतं. हाडं आणि स्नायू हे काही सेकंद सोसतात. अडचण घट्ट गोष्टींची नाही, पातळ गोष्टींची आहे.

२. वणीच्या जत्रेतली विहीर

वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत किंवा दिग्रसच्या घंटीबाबांच्या यात्रेत ज्यांनी ‘मौत का कुआँ’ पाहिला असेल, त्यांना पुढचं समजायला सोपं जाईल. फळ्यांची गोल विहीर, काठावर आपण, आणि आत उभ्या भिंतीवरून फिरणारी मोटारसायकल. विहिरीची त्रिज्या साडेचार मीटर आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरा. गणित केलं तर चालवणाऱ्यावर जवळपास ३ जी येतात.

आता त्याचं अंग कसं असतं ते आठवा. तो जवळजवळ आडवा असतो. पाय भिंतीकडे, डोकं विहिरीच्या मध्याकडे. म्हणजे ओढ लागते ती डोक्याकडून पायाकडे. गोफण फिरवताना दगड जसा बाहेर जायला बघतो, तसं त्याचं रक्त पायांकडे जायला बघतं. लढाऊ विमानात नेमकं हेच होतं, कारण वळताना विमानाचं छत नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला असतं. विहिरीतला पोरगा आणि सूर्यकिरणचा वैमानिक यांची तक्रार एकाच जातीची आहे. फक्त पहिल्याच्या अंगात कोणताही खास पोशाख नाही, पगारही तसाच.

काकांच्या ‘चक्कर’ या शब्दात मात्र दोन वेगळी दुखणी आहेत. आकाशपाळण्यातून उतरल्यावर जग फिरतं, ती गडबड कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांची. ती आपण इथे सोडून देऊ. आपल्याला हवी आहे ती दुसरी, रक्ताची.

३. टिल्लू पंप आणि वरचा मजला

यवतमाळात निळोणा आणि चापडोह धरणांचं पाणी येतं, आणि नळ आल्यावर वरच्या मजल्यावर पाणी चढावं म्हणून कोण काय करतं हे इथल्या कुणाला शिकवायला नको. टिल्लू पंप लावतात. पंपाच्या ताकदीचा काही भाग निव्वळ पाणी उचलण्यात जातो. मजला जितका वर, तितकी तिथली धार बारीक.

हृदय हा टिल्लू आणि मेंदू हा वरचा मजला. हृदयापासून डोळ्यांपर्यंतची उंची बसलेल्या माणसात साधारण ३० सेंटिमीटर. एवढा रक्ताचा स्तंभ उचलायला बीपीच्या यंत्रावरच्या मापात २२-२३ मिलिमीटर खर्च होतात. हृदयापाशी सरासरी दाब हिशेबाला सोपा म्हणून १०० धरू आणि उचलण्याचा खर्च २२. मग डोक्यापाशी उरतात ७८. रोजचा कारभार यावर व्यवस्थित चालतो.

आता विमान वळतं. २ जी झाले की तोच स्तंभ दुप्पट जड, खर्च ४४, उरले ५६. ३ जीला खर्च ६६, उरले ३४. ४ जीला खर्च ८८, उरले १२. ५ जीला हिशेब उणे १० येतो, म्हणजे रक्त वर पोचतच नाही. पंप तोच, पाइप तोच, पण दुसऱ्या मजल्याचा एकाएकी दहावा मजला झालेला असतो.

हृदय यात बंद पडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पुष्कळांची समजूत असते की जास्त जीला ‘हार्ट फेल होतं’. ते उलट जिवाच्या आकांताने धडधडत असतं. त्याची दुसरी अडचण खालच्या बाजूला आहे. डोक्याला जे कमी पडतं ते पायात जास्त साठतं. पायाच्या घोट्यापाशी ५ जीला दाब ४००च्या घरात जातो, पोटातल्या आणि पायातल्या मऊ नसा फुगतात आणि त्यात रक्त अडकून राहतं. हृदयाकडे परत येणारं रक्तच घटतं. विहीर खाली गेली की मोटर कितीही जोरात चालवा, पाण्याऐवजी हवाच ओढते, तसं होतं. ठोके मिनिटाला दीडशेच्या आसपास जातात, पण प्रत्येक ठोक्यात रक्त थोडंच. विमानातून उतरल्यावर काही वैमानिकांच्या पायांवर आणि हातांवर गोवरासारखे बारीक लाल ठिपके दिसतात, ते याच दाबाने फुटलेल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांचे.

या हिशेबातून एक गंमत निघते. मान आखूड असलेला बुटका माणूस इथे उंच माणसापेक्षा सुखी. त्याचा वरचा मजलाच खाली आहे.

४. डोळा आधी का विझतो

वऱ्हाडातली कापूस वेचणारी बाई तासन्‌तास वाकून असते. उन्हात, पाणी कमी प्यालेलं. ओटीत कापूस भरला की ती झटकन सरळ होते आणि क्षणभर पराटी दिसेनाशी होते. ती म्हणते, “डोयापुढं अंधारी आली.” ती पडत नाही, तिला ऐकू येत असतं, शेजारणीला उत्तरही देते. फक्त दिसत नाही. त्यातूनही तोल गेला, तरच म्हणायचं भोवळ आली.

आपल्या भाषेने इथे शरीरशास्त्र अचूक पकडलं आहे. अंधारी आणि भोवळ या दोन पायऱ्या आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. कारण डोळा हा हवा भरलेल्या फुग्यासारखा ताठ असतो. त्याच्या आत स्वतःचा १५ मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. आत शिरणाऱ्या रक्ताचा दाब त्याहून कमी झाला की पडद्याला रक्त मिळणं थांबतं. मघाचा हिशेब आठवा: ४ जीला १२ उरले होते. मेंदूला त्या १२ वर अजून थोडं मिळत असतं, डोळ्याला मात्र दार बंद.

विझण्यालाही क्रम आहे. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, नळीतून बघावं तसं फक्त मधलं उरतं, मग तेही जातं. कोणताही पोशाख न घालता, अंग सैल सोडून बसलेल्या माणसाला ४ जीच्या पुढे-मागे हे होतं आणि ५च्या आसपास शुद्ध हरपते. वैमानिकाला हे शिकवलेलंच असतं: कडा काळ्या झाल्या की वळण सैल कर. डोळा हा त्याच्या पॅनेलवरचा शेवटचा आणि फुकटचा इंडिकेटर आहे.

५. पाच सेकंदांची शिल्लक

आता या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग.

शरीर काही मुकाट्याने बघत बसत नाही. जबड्याखाली, मानेतली मोठी रोहिणी जिथे दुभंगते, तिथे तिच्या भिंतीत दाब मोजणारे मज्जातंतू आहेत. तिथे दोन बोटं हलकी ठेवली की नाडी लागते. दाब उतरला की हे पहारेकरी मेंदूच्या तळाशी वर्दी देतात, तिथून हुकूम सुटतात: ठोके वाढवा, पायातल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळा. कापूस वेचणाऱ्या बाईची अंधारी दोन-चार सेकंदांत जाते, ती या पहारेकऱ्यांमुळे.

फक्त त्यांना वेळ लागतो. ठोके लगेच वाढतात, पण रक्तवाहिन्या आवळून दाब पूर्ववत व्हायला सहा ते दहा सेकंद जातात, कधी जास्तही. आणि रक्त थांबल्यावर मेंदूकडे प्राणवायूची जी शिल्लक असते, ती किती पुरते? साधारण पाच सेकंद.

शिल्लक पाच सेकंदांत संपते, मदत दहाव्या सेकंदाला पोचते. मधली खाई हाच लढाऊ वैमानिकाचा खरा शत्रू.

जुन्या काळची विमानं हळूहळू वळत. जी सावकाश चढले तर मदतीला पोचायला सवड मिळते आणि माणूस आणखी एखादा जी सहज सोसतो. डोळा इशाराही देतो. आजचं विमान एका सेकंदात पाच-सहा जी चढू शकतं. एक ते सात, दीड सेकंदात. तेव्हा काय होतं? सुरुवातीचे चार-पाच सेकंद वैमानिकाला काहीच जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू दोघंही शिलकीवर चाललेले असतात. मग दोघांचीही शिल्लक जवळपास एकदम संपते. अंधारी येतच नाही. सरळ भोवळ.

बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची, आणि त्यानंतर तेवढाच किंवा थोडा अधिक वेळ माणूस डोळे उघडून बसलेला असतो पण ‘मी कुठे आहे’ हे त्याला उमगत नाही. हातपाय झटके देतात, काहींना तेवढ्यात स्वप्नही पडतं. धरून चला २५ सेकंद. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाने तेवढ्यात सहा किलोमीटर कापलेले असतात, आणि नाक जमिनीकडे असेल तर पुढचं सांगायला नको.

बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, १९५७ साली सुरू झालेली. गगनयानाच्या उमेदवारांची वैद्यकीय निवड इथेच झाली. तिथे मानवी सेंट्रिफ्यूज आहे: लांब दांडा, टोकाला छोटी खोली, खोलीत माणूस, आणि सगळं गरगर फिरवायचं. गोफणच ती, दगडाच्या जागी वैमानिक. अशा यंत्रात प्रत्येकाचं चित्रीकरण होतं आणि त्यामागे एक खास कारण आहे. शुद्ध हरपलेल्यांपैकी कित्येकांना ते आठवतच नाही. ‘मला काही झालं नाही’ असं ते मनापासून सांगतात. स्वतःची मान छातीवर पडलेली पडद्यावर दाखवली, की गप्प होतात.

६. पिळून वर पाठवायचं

२५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० एमकेआय आकाशात झेपावलं. मागच्या सीटवर राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील होत्या. जन्म जळगाव जिल्ह्यातला, सासर आमच्या शेजारचं अमरावती, वय ७४. साडी बाजूला ठेवून त्यांनी त्या दिवशी वैमानिकाचा पोशाख आणि त्यावर जी-सूट चढवला होता. तीन वर्षांपूर्वी, जून २००६मध्ये, डॉ. अब्दुल कलाम याच तळावरून, याच जातीच्या विमानातून आणि त्याच वयात उडाले होते.

जी-सूट म्हणजे पोटऱ्या, मांड्या आणि पोट यांच्यावर रबरी पिशव्या असलेली घट्ट विजार. जी वाढले की एक झडप आपोआप उघडते, पिशव्यांत हवा भरते आणि पाय आवळले जातात. बीपी मोजताना दंडाला पट्टा आवळतो, तसाच, फक्त कंबरेपासून घोट्यापर्यंत. टूथपेस्टची ट्यूब खालून दाबतात तसं रक्त वर ढकललं जातं. जिराफाच्या पायांची कातडी जन्मतःच अशी घट्ट असते, म्हणून त्याच्या पायांत रक्त साचत नाही.

कॅनडातल्या टोरोंटोच्या विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धात असा पहिला वापरता येण्याजोगा सूट केला, तो पाण्याने भरलेला होता. त्याआधी त्यांनी उंदीर पाण्याने भरलेल्या निरोधमध्ये बसवून फिरवले होते आणि ते जगले होते. विज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग असतात, ते शाळेच्या पुस्तकात येत नाहीत एवढंच.

पण सूटमुळे एक-दीड जीची भर पडते. चारावर दीड मिळवले तरी साडेपाचच होतात. मग नऊ जी कसे सोसतात?

कुंथून. सभ्य पुस्तकात हा शब्द लिहायला संकोच वाटतो, पण मराठीत याहून नेमका शब्द नाही. पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट, सगळं दगडासारखं आवळायचं. छातीभर श्वास घेऊन घसा बंद करायचा आणि दाबायचं. तीन सेकंद. मग पापणी लवावी एवढ्या वेळात श्वास सोडून पुन्हा घ्यायचा, पुन्हा दाबायचं. छातीतला दाब वाढला की तो थेट हृदयावर आणि तिथून निघणाऱ्या रक्ताच्या दाबावर चढतो. तीन सेकंदांचंच बंधन का? कारण छाती दाबून धरली की खालून हृदयाकडे परतणारं रक्तही अडतं. क्षणभर दार उघडावंच लागतं. नीट जमलं तर या कुंथण्याने तीन-चार जी वाढतात, सुटापेक्षा दुप्पटीहून जास्त. आणि हे जी चढायच्या आधी सुरू करावं लागतं. पाच सेकंदांची ती खाई बुजवायची हीच रीत.

म्हणून लढाऊ वैमानिक जिममध्ये पाय आणि पोट कमावतात. नुसतं लांब पळण्याने इथे काही साधत नाही. सकाळी उपाशी, कमी पाणी पिऊन किंवा जुलाब झालेले असताना उडायला त्यांना मनाई असते. अंगातलं पाणी घटलं की फिरणारं रक्तच घटतं. यवतमाळच्या मे महिन्यात दुपारी ज्याला खाटेवरून उठताना अंधारी आली असेल, त्याला याचा पुरावा नको.

७. उलटं आणि आडवं

विमानाचं नाक अचानक खाली दाबलं तर ओढ उलटी होते, पायाकडून डोक्याकडे. चेहरा तुंबतो, डोळ्यांपुढे लाली येते. मानेतल्या पहारेकऱ्यांना वाटतं दाब फार वाढला, म्हणून ते हृदयाला मंद करतात. हे माणसाला उणे दोन-तीन जीच्या पुढे सोसत नाही. आणि अशा मंदावलेल्या हृदयानिशी लगेच वर खेचलं तर नेहमीपेक्षा कमी जीला भोवळ येते.

आडवं झोपलं तर मात्र खेळ बदलतो. हृदय आणि मेंदू एकाच मजल्यावर येतात, उचलायला काही उरतच नाही. अंतराळवीर पाठीवर पडून, गुडघे पोटाकडे घेऊन प्रवास करतात ते यासाठी. एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा सोयूझ यानातून गेले आणि आले, तेही असेच पडून. ऑक्टोबर २०१८मध्ये सोयूझचं उड्डाण फसलं आणि आतल्या दोघांनी ६.७ जी सोसले. उतरल्यावर ते ठणठणीत होते. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी तर १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या घसरगाडीवर बसून, ताशी हजार किलोमीटरवरून एकदम थांबून, क्षणभर ४६ जी अंगावर घेतले. तो दाब छाती-पाठीच्या दिशेने होता. डोळे रक्ताळले, काही काळ दिसेना, पण ते नंतर ८९ वर्षांपर्यंत जगले.

८. काकांची छाती

प्रवासी विमान वळताना २५-३० अंशांपलीकडे सहसा कलत नाही. म्हणजे जास्तीत जास्त १.१५ जी. घरच्या काट्यावर ६० किलो भरणारा माणूस त्या वळणात ६९ किलोचा होतो. हृदयाचा जादा खर्च तीन-चार मिलिमीटर. जिना चढताना काकांचं हृदय याहून कितीतरी जास्त काम करतं.

विमानात हृदयरोग्याला काळजी घ्यायची असते ती वेगळ्या कारणाने. केबिनमधला हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. समुद्रसपाटीपासून दोन हजार ते चोवीसशे मीटर उंचीवर असतो तसा असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही बरंच वर. तिथे प्राणवायू जरा विरळ. नुकताच झटका येऊन गेलेला, बसल्याजागी धाप लागते किंवा छातीत दुखणं आटोक्यात नाही, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गोळ्या खालच्या बॅगेत नकोत, खिशात हव्यात.

हे सगळं मी काकांना कळंब येईपर्यंत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. डॉक्टरांना विचारून डिसेंबरात ते पुण्याला गेलेही. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं?

“अरे, वळलं कवा तेच समजलं नाही,” काका म्हणाले. “माही एसटी याच्याहून जास्त वाकत होती.”